दहा कोटी एक, दहा कोटी दोन, दहा कोटी तीन

बी.एस्सी.चे निकाल लागले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. "ताई, एम.एस्सी. स्टॅटला ॲडमिशन झाली. स्टॅटिस्टिकल कॉम्प्युटिंगसाठी आधी आर शिकून येऊ की पायथन?" ताई मी वयामुळे. वर्गातली पोरं एकवीस-बावीसची, मी पस्तिशीला टेकलेली. मधली बरीच वर्षं पुण्यात एका मार्केट रिसर्च कंपनीत सर्व्हेच्या एक्सेल शीट धुऊन काढण्यात गेली. त्यामुळे 'कॉम्प्युटर येणारी बाई' असा माझा लौकिक ॲडमिशनच्या दिवशीच झाला, आणि आता दुसऱ्या वर्षाला आले तरी तो सुटत नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते.

आर की पायथन? दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा, आर खास स्टॅटिस्टिक्ससाठी बनलेली. काहीही शिकून या. काहीच शिकून आला नाहीत तरी अडणार नाही. आमच्याकडे स्टॅटिस्टिकल कॉम्प्युटिंगचा पेपर आरमध्ये चालतो आणि कामापुरतं आर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाताला लागतं. व्हेक्टर (आकड्यांची यादी), मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांचा तक्ता), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं), फंक्शन लिहिणं, आलेख काढणं, झालं. जे लवकर अंगवळणी पडत नाही ते निराळंच आहे आणि त्याची कल्पना कुणीच देत नाही. बी.एस्सी.ची तीन वर्षं आपण सूत्रं सिद्ध करतो. सूत्र बरोबर असलं की त्यात आकडे घालायचे, उत्तर येतं, जर्नलमध्ये लिहायचं, सही घ्यायची. सूत्र आणि उत्तर यांच्यामध्ये आणखी काही असतं हे डोक्यातच येत नाही. हा पेपर सगळा त्या मधल्या जागेबद्दल आहे.

पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडमनी फळ्यावर तीन आकडे लिहिले: दहा कोटी एक, दहा कोटी दोन, दहा कोटी तीन. व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढा म्हणाल्या. तोंडी जमतं. सरासरी दहा कोटी दोन, फरक उणे एक, शून्य, एक. वर्गांची बेरीज दोन, तिला दोनाने भागायचं, उत्तर एक. आता हेच आरमध्ये, पण तयार फंक्शन न वापरता, आपल्या लाडक्या 'सोप्या' सूत्राने करा: वर्गांची बेरीज वजा एन गुणिले सरासरीचा वर्ग, भागिले एन वजा एक (एन म्हणजे एकूण आकडे किती ते). हे सूत्र अकरावी-बारावीपासून आपण वापरतो, कारण कॅल्क्युलेटरवर ते पटकन होतं.

सगळ्यांच्या स्क्रीनवर शून्य आलं.

तीन वेगवेगळे आकडे आणि व्हेरियन्स शून्य. शेजारच्या पोराने कंस तपासले, पुन्हा चालवलं, पुन्हा शून्य. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मॅडम, लॅबचे पीसी जुने आहेत. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या नव्या लॅपटॉपवर करून बघा. तिथेही शून्य.

हे का होतं ते मी जरा सावकाश सांगते, कारण पुढचं अर्धं सेमिस्टर या एका शून्यातून निघतं. आर आपले आकडे 'डबल' प्रकारात ठेवतं, एका आकड्याला ६४ बिट. नेमकेपणा ५३ बिटांचा. म्हणजे २ चा ५३वा घात, ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या त्यात नेमकी बसते. बजेटच्या भाषेत सुमारे नऊ हजार लाख कोटी. त्याच्या पुढे गेलात की एकाआड एक संख्या गायब. फक्त सम संख्या ठेवता येतात. आणखी पुढे गेलं की चाराच्या पटीतल्याच, मग आठाच्या.

आता दहा कोटीचा वर्ग किती? दहा हजार लाख कोटी. म्हणजे आपण रेषेच्या पलीकडे गेलो. दहा कोटी एकचा वर्ग १०००००००२०००००००१. शेवटी १, विषम. तो बसत नाही, मशीन शेवटचा १ सोडून ० ठेवतं. दहा कोटी दोनच्या वर्गाच्या शेवटी ४, तो नीट बसतो. दहा कोटी तीनच्या वर्गाच्या शेवटी ९, त्याचा होतो ८. तिन्हींच्या खऱ्या बेरजेच्या शेवटी १४ हवेत, मशीनकडे आहेत १२. सूत्रातली दुसरी रक्कम, तीन गुणिले सरासरीचा वर्ग, तिच्याही शेवटी १२ आणि ती मात्र नेमकी बसते. खरं गणित १४ वजा १२, म्हणजे २. मशीनचं गणित १२ वजा १२. पहिल्या वर्गातून एक गेला, तिसऱ्यातून एक गेला, आणि गेलेल्या त्या दोनालाच दोनाने भागून आपलं उत्तर यायचं होतं.

मी कराडकडची, त्यामुळे मला हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखं दिसतं: उसाने भरलेली ट्रॉली एकदा तोलायची, मग तिच्यावर बसलेला कावळा उडाला की पुन्हा तोलायची आणि वजाबाकी करून कावळ्याचं वजन सांगायचं. काट्यात काही खोट नाही, वजाबाकीही बरोबर आहे, फक्त त्या काट्याने कावळा तोलायला जाऊ नये.

आरचं स्वतःचं व्हेरियन्सचं फंक्शन याच आकड्यांना एक असं बरोबर उत्तर देतं. कारण ते आधी सरासरी काढतं, ती प्रत्येक आकड्यातून वजा करतं आणि मग वर्ग करतं. वर्ग करायच्या वेळी हातात उणे एक, शून्य, एक एवढेच आकडे असतात. डेटा इतका मोठा असेल की त्यातून दोनदा जाता येत नाही, तर वेलफर्ड यांनी १९६२ साली छापलेली रीत आहे. आकडा येईल तशी सरासरी आणि फरकांच्या वर्गांची बेरीज दुरुस्त करत जायची. आमची पहिली असाइनमेंट तीच होती. बीजगणिताने तिन्ही रीती एकच आहेत. पेपरात 'सिद्ध करा' म्हणून आल्या तर चार ओळींत एकीवरून दुसरी निघते. मशीनवर त्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

"दहा कोटीचे आकडे घेऊन व्हेरियन्स कोण काढतं?" हा प्रश्न वर्गात लगेच आला. येतोच. उत्तर असं की सगळे काढतात. कॉम्प्युटरमध्ये वेळ बहुतेक ठिकाणी १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत साठवतात आणि तो आकडा आता १७० कोटींच्या पुढे गेलाय. कुठल्याही ॲपच्या नोंदी घ्या, दोन क्लिकमधलं अंतर दोन-चार सेकंद, आणि आकडे १७० कोटींचे.

शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन हा किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो. आरला विचारा, बेरीज ०.३ एवढी आहे का, तर ते 'फॉल्स' म्हणतं, कारण बायनरीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही, जसा आपल्याला दशांशात एक तृतीयांश येत नाही. यावर रील निघतात, लोक हसतात, पुढे जातात. मॅडम मात्र हे शिकवताना २५ फेब्रुवारी १९९१ ची, सौदी अरेबियातल्या धाहरानची गोष्ट सांगतात. आखाती युद्धात अमेरिकेच्या, येणारी क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या पॅट्रियट यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होतं आणि तो ०.१ हा आकडा २४ बिटांत कापून ठेवलेला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू राहिली आणि घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढं चुकलं. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. अडवता आलं नाही, २८ अमेरिकन सैनिक गेले. ही गोष्ट ऐकल्यापासून मी दोन दशांश संख्या थेट 'बरोबर आहे का' अशा तपासत नाही. फरक किती, आणि तो पुरेसा लहान आहे का, एवढंच विचारायचं.

दुसरा धक्का लाइकलीहूडचा, म्हणजे एखादं मॉडेल धरलं तर हातातला डेटा कितपत संभवतो हे सांगणाऱ्या संख्येचा. बी.एस्सी.ला आपण लाइकलीहूड लिहितो, मग लॉग घेतो, का तर डेरिव्हेटिव्ह सोपा होतो म्हणून. हे कारण खरं आहे, पण अर्धवट. स्टँडर्ड नॉर्मलमधून (सरासरी शून्य, प्रमाण विचलन एक असलेलं घंटेच्या आकाराचं वितरण) एक हजार आकडे काढा, प्रत्येकाची डेन्सिटी, म्हणजे त्या जागी वक्राची उंची, काढा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. उत्तर शून्य. डबलमध्ये बसणारा सर्वांत लहान धन आकडा १० चा उणे ३२४वा घात, साधारण त्या घरात आहे. हजार डेन्सिटींचा गुणाकार त्याच्या कितीतरी खाली, १० च्या उणे ६१६व्या घाताच्या आसपास जातो. मशीन सरळ शून्य लिहितं. मग त्या शून्याचं मॅक्सिमायझेशन करत बसा, जिकडे बघाल तिकडे सपाट माळ. त्याच आकड्यांच्या डेन्सिटीचे आधी लॉग घेऊन बेरीज केली तर उणे चौदाशेच्या आसपास एक शांत, सभ्य आकडा येतो. आरच्या डेन्सिटी फंक्शनांमध्ये 'लॉग बरोबर ट्रू' असा पर्याय उगाच दिलेला नाही. डेन्सिटी काढून मग बाहेरून लॉग घेणं आणि आतच लॉग मागणं यातही फरक आहे. सरासरीपासून चाळीस प्रमाण विचलनं दूरचा आकडा घेऊन दोन्ही करून बघा. एकाचं उत्तर उणे अनंत येईल, दुसऱ्याचं उणे आठशेच्या थोडं पुढे.

हे सगळं वाचून कुणी घाबरू नका. घाबरवायला लिहीत नाहीये. यात बुद्धी फार लागत नाही, संशय लागतो. तो एक्सेलवाल्या बाईकडे भरपूर असतो.

आता जर्नलची गोष्ट. दर वर्षी वरच्या वर्गाची जर्नलं खाली येतात, ही परंपरा कुठल्याच विभागात चुकलेली नाही. आमच्या बॅचला मिळालेली बरीच जुनी होती, कव्हरं फाटलेली, पण प्रिंटआउट नीट चिकटवलेले. रँडम सँपलिंगचं पहिलं प्रॅक्टिकल. सीड (रँडम आकड्यांची साखळी जिथून सुरू करायची तो आकडा) १२३, एक ते दहा आकड्यांची उलटापालट. जर्नलमध्ये उत्तर: ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५. आमच्या स्क्रीनवर: ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४. सीड तोच, कमांड तीच, अक्षर न् अक्षर तेच. सीड दिला की तेच आकडे परत येतात असं आदल्याच तासाला शिकलो होतो. पहिला ३ जुळतो, म्हणून तर जास्तच गोंधळ.

कारण असं की एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीपासून आरने सँपल काढायची आतली रीत बदलली. आधी शून्य ते एकमधला रँडम आकडा घेऊन त्याला एनने गुणायचे आणि अपूर्णांक तोडायचे. एन फार मोठा असेल तर यात काही आकडे बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त वेळा निघतात. ते दुरुस्त करायला नवी रीत आणली. म्हणजे जर्नलवाला बरोबर होता आणि आम्हीही. जुनी उत्तरं हवी असतील तर सीड देताना सँपलिंगची रीत 'राउंडिंग' अशी सांगता येते. आर एक ताकीद छापतं आणि जुनी उत्तरं देतं. मला यातून एक सवय लागली: सबमिशनच्या शेवटी सेशनची माहिती छापायची, आरची आवृत्ती, पॅकेजांच्या आवृत्त्या, सगळं. एक ओळीची कमांड आहे. ती पानं कुणी वाचत नाही, पण उत्तर जुळलं नाही की सगळे तीच शोधतात.

रँडम नंबर हा या पेपरातला माझा सर्वांत आवडता भाग. बी.एस्सी.ला आपण टिपेट या संख्याशास्त्रज्ञाचे छापील रँडम नंबर पाठ केलेले असतात: १९२७, ४१,६०० अंक, जनगणनेच्या अहवालांतून उचललेले. परीक्षेत दोन मार्कांना येतात. तेव्हा कधी विचार केला नव्हता की कुणाला तरी अंकांचं एवढं बाड छापावं लागलं, याचा अर्थ रँडम आकडा मिळणं अवघड असणार. मग कॉम्प्युटर आले आणि लोक सूत्राने आकडे बनवायला लागले. त्यातलं कुप्रसिद्ध सूत्र 'रँडू'. आयबीएमच्या मशीनवर १९६० च्या दशकात सर्रास वापरलं गेलेलं. आधीच्या आकड्याला ६५५३९ ने गुणा, २ च्या ३१व्या घाताने भागा, बाकी तो पुढचा आकडा. आकड्यांची यादी बघून काही खटकत नाही. हिस्टोग्राम सपाट, सरासरी ठीक. दोन-दोनाच्या जोड्या काढून आलेख काढा, तरी ठीक.

तीन-तीन घ्या. आरमध्ये 'रँडू' याच नावाचा डेटा येतो, अशा ४०० त्रिकुटांचा. तो त्रिमितीत मांडायचा आणि माउसने हळूहळू फिरवायचा. आधी नुसता ठिपक्यांचा ढग दिसतो. फिरवत फिरवत एका कोनावर आलं की ढग एकदम फाटतो आणि ठिपके पातळ पत्र्यांवर रांगेत उभे राहतात. सगळे मिळून पंधरा पत्रे, मध्ये मोकळी जागा. लॅबमध्ये ज्याला ज्याला तो कोन सापडत होता तो 'अगं हे बघ' करून ओरडत होता. कारण कागदावर दोन ओळींचं आहे. ६५५३९ म्हणजे २ चा १६वा घात अधिक ३. त्याचा वर्ग केला की निघतं: कुठलाही आकडा म्हणजे आधीच्याची सहापट वजा त्याआधीच्याची नऊपट, बाकी काढून. मार्साग्लिया यांनी १९६८ साली दाखवलं की या जातीच्या सगळ्याच सूत्रांचे आकडे असे पातळ्यांवर पडतात, रँडूच्या पातळ्या फक्त लाज वाटावी इतक्या कमी आहेत. त्या काळात याच आकड्यांवर किती सिम्युलेशनं झाली असतील, किती जणांना पीएच.डी. मिळाली असेल! आर आज 'मर्सेन ट्विस्टर' वापरतं, मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचं १९९८ चं. त्याची साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला २ चा १९९३७वा घात वजा एक इतके आकडे जावे लागतात. आपल्या हयातीत नाही.

रिग्रेशनबद्दल (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं समीकरण) थोडक्यात, कारण ते तुम्हाला पुढे सविस्तर येणारच आहे. पुस्तकात बीटा हॅटचं, म्हणजे त्या समीकरणातल्या गुणकांच्या अंदाजाचं, सूत्र मॅट्रिक्सच्या इन्व्हर्सचं असतं आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक जण ते जसंच्या तसं टाईप करतो. मॅडमचं ठरलेलं वाक्य: "इन्व्हर्स कागदावर." मशीनवर समीकरणं सोडवायची, इन्व्हर्स काढायचा नाही. आरचं रिग्रेशनचं फंक्शनही आतून क्यूआर विभाजन करतं, म्हणजे मॅट्रिक्स दोन सोप्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोडतं. कारण पुस्तकातल्या सूत्रासाठी डेटाच्या मॅट्रिक्सचा, एक्सचा, ट्रान्स्पोज गुणिले एक्स केलं की मॅट्रिक्सचा नाजूकपणा वर्गाने वाढतो आणि आधी हजार पटीने वाढणारी चूक दहा लाख पटीने वाढायला लागते. लाँग्ली यांनी १९६७ साली अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचे १९४७ ते १९६२ चे सोळा वर्षांचे आकडे घेऊन त्या काळचे रिग्रेशनचे प्रोग्राम तपासले आणि हाताने केलेल्या उत्तराशी ताडून पाहिले. काही प्रोग्रामांचे पहिले अंकसुद्धा जुळले नाहीत. तो डेटाही आरमध्ये आहे, सोळा ओळी फक्त. स्वतःचा रिग्रेशनचा कोड लिहिलात की आधी त्याच्यावर चालवा.

कामाच्या मांडणीबद्दल. एका प्रॅक्टिकलचं एक फोल्डर, मूळ डेटाच्या फाइलला हात लावायचा नाही, बदल सगळे कोडमध्ये. 'फायनल', 'फायनल टू', 'फायनल सरांना दिलेली' अशा फाइली करण्यापेक्षा गिट (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) शिकून घ्या, त्याच्या चारच कमांड रोज लागतात. फोल्डरच्या नावात स्पेस नको.

आणि मराठी नावं. सेमिनारसाठी आमच्या गटाने गावांची यादी घेतली होती, नावं देवनागरीत. एकाच्या लॅपटॉपवर नीट दिसत होती. लॅबच्या विंडोजवर मात्र गावाच्या जागी कोनांच्या कंसात यू, अधिकचं चिन्ह आणि ०९१५ असले कोड. ०९१५ म्हणजे क. पूर्ण कडेगाव असं कोडांत छापलेलं बघून आम्ही खूप हसलो, पण तालुक्यांची क्रमवारी लागेना तेव्हा हसू थांबलं. विंडोजवर आरला यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) पूर्णपणे पचायला २०२२ ची ४.२.० आवृत्ती यावी लागली. लॅबमधलं आर त्याच्या आधीचं असेल तर स्वतःचा लॅपटॉप वापरा किंवा लॅब असिस्टंटकाकांना गोड बोलून नवीन टाकून घ्या. काका ऐकतात, फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.

एआयने कोड लिहून घेतला तर चालतो का, हा यंदाचा नवा प्रश्न. चालतो की नाही ते तुमच्या विभागाच्या नियमांवर आहे. मी व्हायवात काय होतं तेवढं सांगते. वर्गातल्या एकाचा कोड फार सुबक होता. बाहेरच्या परीक्षकांनी एका ओळीवर बोट ठेवलं: मॅट्रिक्समधून स्तंभ उचलताना 'ड्रॉप बरोबर फॉल्स' का लिहिलंय? पोरगा गप्प. प्रश्न अवघड नव्हता. आरमध्ये मॅट्रिक्समधला एकच स्तंभ उचलला तर आर त्याचं मॅट्रिक्सपण काढून साधा व्हेक्टर हातात देतं, आणि पुढे मॅट्रिक्सचे स्तंभ मोजायला गेलात की 'नल' मिळतं. दोन स्तंभांवर चालणारा कोड एकावर पडतो. ज्याचा कोड असा एकदा पडलाय त्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. परीक्षक नेमक्या अशाच ओळी शोधतात, लांबलचक अल्गोरिदम विचारत बसत नाहीत.

असाच आणखी एक त्यांचा आवडता: एक्स रिकामा असेल तर 'एक ते एक्सची लांबी' हा लूप किती वेळा फिरतो? सगळे शून्य म्हणतात. तो दोनदा फिरतो, आधी एक, मग शून्य, कारण आरला एकपासून शून्यापर्यंत उलटं मोजता येतं. म्हणून 'सेक अलाँग' वापरायचं, ते रिकाम्या एक्सवर एकदाही फिरत नाही. आणि लहान व्हेक्टर मोठ्यात मिळवला तर आर लहानाला पुन्हा पुन्हा वापरून लांबी भरून काढतं. लांबी नीट पटीत असेल तर एक शब्दही बोलत नाही. सहा आकड्यांत दोन आकडे मिळवून बघा. सर्व्हेच्या डेटात अशा गुपचूप बेरजा सापडल्या की माझी जुनी कंपनी आठवते, पण ते जाऊ दे.

येण्याआधीच्या सुट्टीत काही करायचंच असेल तर आरचे व्हिडिओ बघत बसू नका. बी.एस्सी.चं आपलं जर्नल काढा, हाताने सोडवलेली पाच-सहा उदाहरणं निवडा आणि तीच आरमध्ये करा. उत्तर आधीच माहीत असलेलं उदाहरण हे या पेपरातलं सर्वांत मोठं भांडवल आहे. नवा कोड आधी त्याच्यावर चालवायचा, मग खऱ्या डेटावर. रीत सांगून ठेवते: आधी तोंडी येणारं उदाहरण, मग त्याच उदाहरणात दहा कोटी मिळवून, मग एकच आकडा देऊन, मग एकही न देता. बहुतेक कोड तिसऱ्या पायरीला कुरकुरतात आणि चौथीला झोपतात.

लॅपटॉप कुठलाही चालेल, आठ जीबी रॅम असली तर बरं. पुस्तकं लायब्ररीत आहेत, विकत घेऊ नका. हॉस्टेल आणि मेसचं मला विचारू नका, मी कोथरूडहून बसने येते. आणि मेसेजमध्ये एररचा फोटो पाठवताना पूर्ण स्क्रीनचा पाठवा, नुसत्या लाल ओळीचा नको. चूक बहुतेक वेळा तिच्या वरच्या ओळीत असते आणि फोटोत नेमकी तीच कापलेली असते.